थ्रीडी मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना नेमकं काय हरवतं?

२००६ साली फ्रान्समधल्या तुलूझ इथे जगातलं सर्वांत मोठं प्रवासी विमान, एअरबस ए३८०, जोडलं जात होतं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये तयार झालेले वायरींचे जुडगे तिथे बसवायला घेतले, तेव्हा अनेक वायरी ठरलेल्या जागेपर्यंत पोहोचतच नव्हत्या. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर होती. त्यामुळे हे दुरुस्त करणं सोपं नव्हतं.

यामागे एक मोठं कारण होतं. जर्मनी आणि स्पेनमधले अभियंते 'कॅटिया' या डिझाइन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, तर फ्रान्स आणि ब्रिटनमधले पाचवी. नाव एकच असलं, तरी पाचवी आवृत्ती नव्याने लिहिलेली होती. त्यामुळे एकीकडच्या डिझाइनमधले बदल दुसरीकडे नीट उतरत नव्हते. विलंबाची इतरही कारणं होती. पण पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळायला ऑक्टोबर २००७ उजाडला. या उशिरामुळे २०१० पर्यंत एकूण नफ्यात ४.८ अब्ज युरोंची घट होईल, असा अंदाज एअरबसच्या मूळ कंपनीने तेव्हा जाहीर केला होता.

गेम बनवणारा विद्यार्थी असो, थ्रीडी प्रिंटरवर गणपतीची मूर्ती काढणारा हौशी कलाकार असो किंवा साचे बनवणारा कारखाना, छोट्या प्रमाणात हीच अडचण सगळ्यांना येते. फाइल उघडते, पण मॉडेल पूर्वीसारखं राहत नाही. असं का होतं?

आकार साठवण्याच्या दोन पद्धती

फोटो कुठल्याही फॉरमॅटमध्ये असला, तरी शेवटी तो रंगीत ठिपक्यांचाच बनलेला असतो. थ्रीडीचं तसं नाही.

कॅटिया, सॉलिडवर्क्ससारखी इंजिनिअरिंगची सॉफ्टवेअर आकार गणिताने साठवतात. 'इथे १० मिलिमीटर व्यासाचं भोक आहे', अशी ती नोंद असते. भोक कितीही झूम केलं तरी गोलच दिसतं.

ब्लेंडर, मायासारखी ॲनिमेशनची सॉफ्टवेअर प्रामुख्याने 'मेश' वापरतात. म्हणजे छोट्या छोट्या सपाट तुकड्यांची जाळी. यात गोल भोक म्हणजे प्रत्यक्षात अनेक बाजूंचा बहुभुज असतो.

गणिती आकारापासून मेश बनवणं सोपं आहे. उलटा प्रवास मात्र अवघड. दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसंच हे. मेशचं रूपांतर इंजिनिअरिंगच्या फॉरमॅटमध्ये केलं, तर बहुतेकदा प्रत्येक त्रिकोण हा वेगळा पृष्ठभाग बनतो. फाइल जड होते आणि भोकाचा व्यास १० चा १२ करणंही कठीण जातं.

कोणता फॉरमॅट काय साठवतो?

एसटीएल: १९८७ च्या सुमारास थ्रीडी सिस्टिम्स कंपनीने थ्रीडी प्रिंटिंगसाठी आणला. यात फक्त त्रिकोण असतात. माप सेंटिमीटरमध्ये आहे की इंचात, हेही यात लिहिलेलं नसतं.

ओबीजे: वेव्हफ्रंट कंपनीचा जुना, पण अजूनही सर्वत्र चालणारा फॉरमॅट. रंगाची माहिती एमटीएल नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये आणि चित्रं आणखी वेगळ्या फाइलमध्ये असतात. ॲनिमेशन यात जात नाही.

एफबीएक्स: आता ऑटोडेस्कच्या मालकीचा. यात हाडांचा सांगाडा आणि ॲनिमेशनही जातं. गेम आणि चित्रपटांच्या कामात तो भरपूर वापरला जातो.

जीएलटीएफ: ख्रोनोस ग्रुपने २०१५ मध्ये आणलेला खुला फॉरमॅट, मुख्यतः वेबसाइट आणि मोबाइलसाठी. याच्या जीएलबी या रूपात आकार, रंग, चित्रं असं सगळं एकाच फाइलमध्ये राहतं.

स्टेप: गणिती आकार एका इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १०३०३. आकार अचूक जातो, पण तो कोणत्या क्रमाने बनवला याचा इतिहास सहसा मागेच राहतो.

सर्वांत जास्त गोंधळ कुठे होतो?

पहिला गोंधळ मापाचा. ब्लेंडरमध्ये १० सेंटिमीटर उंचीचा कप बनवला, तर मीटरच्या हिशेबाने फाइलमध्ये ०.१ हा आकडा जातो. प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर एसटीएलमधले आकडे सहसा मिलिमीटर समजतं. सेटिंग न बदलता फाइल दिली, की कपाचा ठिपका होतो, म्हणजेच हजारपट लहान. इंच आणि मिलिमीटरची गल्लत झाली, तर फरक २५.४ पट पडतो.

दुसरा गोंधळ दिशेचा. ब्लेंडरमध्ये 'झेड' अक्ष वरच्या दिशेने असतो, तर माया आणि युनिटीमध्ये 'वाय'. म्हणूनच उभं केलेलं पात्र दुसरीकडे उघडल्यावर कधी कधी आडवं पडलेलं दिसतं.

तिसरा गोंधळ रंगांचा. फक्त ओबीजे फाइल पाठवली आणि सोबतची एमटीएल व चित्रं राहिली, की मॉडेल करड्या रंगाचं दिसतं.

मग काय काळजी घ्यायची?

• मूळ सॉफ्टवेअरमधली फाइल कधीही डिलीट करू नका. रूपांतरित फाइल ही फक्त प्रत असते.

• मॉडेल कशासाठी हवं आहे ते आधी विचारा. प्रिंटिंगसाठी एसटीएल किंवा ३एमएफ, वेबसाइटसाठी जीएलबी, कारखान्यासाठी स्टेप.

• एक्स्पोर्ट करताना माप आणि वरची दिशा तपासा. फाइलसोबत 'माप मिलिमीटरमध्ये आहे' एवढी एक ओळ लिहून पाठवा.

• दुसरीकडे फाइल उघडल्यावर माहीत असलेलं एक माप मोजून बघा. एक मिनिट लागतं, पण वाया जाणारं मटेरियल वाचतं.

• ग्राहकाचं गोपनीय डिझाइन मोफत ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकू नका. फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते.

• मोठं काम सुरू करण्याआधी एक छोटा भाग इकडून तिकडे पाठवून बघा. सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती दोन्हीकडे कोणती आहे, हेही तेव्हाच ठरवून घ्या. ए३८० च्या वेळी आवृत्त्यांमधला हाच फरक महागात पडला होता.