कागदाला कागदाचा आधार

ज्या कंपूत आज आपण जमलो आहोत, त्या वस्तीच्या नावातच फौजेची आठवण आहे. महादजी शिंदे यांनी १७८४ मध्ये द बॉयन यास चाकरीस ठेवले. त्याने उभारलेल्या कवायती पलटणींच्या जथ्यास ‘कंपू’ म्हणत. पुढे १८१० मध्ये दौलतरावांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला व त्यातून लष्कर हे शहर वसले.

या कंपूंच्या खर्चासाठी दुआबातील मुलूख जायदाद म्हणून लावून दिलेला होता. शिपायाचा पगार कंपूच्या खर्चावर, तो खर्च जायदादीवर आणि जायदाद मुलखाच्या ताब्यावर अवलंबून होती. ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या सुर्जी अंजनगावच्या तहाने दुआब कंपनी सरकारकडे गेला आणि पायाची एक नोंद निखळताच तिच्यावर टेकलेल्या साऱ्या नोंदी निराधार झाल्या. कोणती नोंद कोणत्या नोंदीवर टेकली आहे हे शोधणे, हेच दफ्तराचे खरे वाचन होय.

पेशवाईतील इनामाची सनद पाहा. या पत्राची नक्कल ठेवून घ्यावी व मूळ पत्र इनामदारास भोगवट्यासाठी परत द्यावे, अशी आज्ञा अशा सनदांच्या अखेरीस असे. नकलेवरून मूळ पत्र कोणाचे, हे कळते. मुळावरून मात्र त्याच्या नकला कोठे कोठे आहेत, हे कळत नाही. अवलंबनाची वाट अशी एकेरी असते. तीवरून उलट चालावयाचे, तर सारे दफ्तर धुंडाळावे लागते.

हाच प्रश्न संगणकाच्या युगात नव्या वेषात उभा राहिला. माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत मांडण्याचा सिद्धान्त ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून रिलेशनल डेटाबेस आला. शाळेचेच उदाहरण घेऊ. गुणांचा तक्ता विद्यार्थ्यांच्या तक्त्यावर टेकतो आणि दोहोंवरून सिद्ध होणारे प्रगतिपत्रक, ज्यास तेथे ‘व्ह्यू’ म्हणतात, ते त्या दोहोंवर. कोण कोणावर टेकले आहे याची सूची ही प्रणाली स्वतःच तक्त्यांच्या रूपाने ठेवते. ती सूची उलट वाचली, की एखाद्या तक्त्याचे आश्रित सापडतात. मग आश्रितांचे आश्रित, असे पायरीपायरीने शेवटापर्यंत जाता येते. तक्ता काढून टाकताना ‘रिस्ट्रिक्ट’ म्हटले, तर आश्रित असेपर्यंत प्रणाली नकार देते. ‘कॅस्केड’ म्हटले, तर त्यावरील व्ह्यू व बंधनेही त्याच्याबरोबर जातात. मात्र बाहेरच्या एखाद्या प्रोग्रॅमच्या मजकुरात दडलेला उल्लेख या सूचीत येत नाही. तो माणसानेच शोधावयाचा असतो.

ही सूची नसली म्हणजे काय होते, ते इतिहासाने दाखविले आहे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला चौकशीचे अधिकार मिळाले आणि जुळणारा कागद दाखविता न आल्याने अनेक घराण्यांची इनामे खालसा झाली. जमीन तीच होती, कसणारेही तेच होते. तुटला होता तो कागदाचा कागदाशी असलेला दुवा.

आपल्या लष्करातील जुन्या मराठी घरांतून मोडी कागदांचे रुमाल अद्याप आहेत. शिक्क्याची सनद आपण देव्हाऱ्यात ठेवतो आणि बिनशिक्क्याची खतावणी रद्दीत घालतो. माझ्या घरीही असेच घडले. सनद राहिली, तीत नाव असलेल्या शेताचा ठाव सांगणारे टिपण मात्र गेले. म्हणून विनंती एवढीच, की काहीही टाकण्यापूर्वी प्रत्येक कागदास अनुक्रमांक द्यावा, त्यात कोणत्या कागदांचा उल्लेख आहे ते लिहावे आणि मग तीच यादी उलट मांडून कोणत्या कागदाचा आधार कोण कोण घेतो, ते पाहावे. हे काम शाळेतील मुलांनाही मोडी शिकून करता येईल. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांना याहून उचित श्रद्धांजली मला सुचत नाही.