मोटारीची लांबी कोणी ठरविली?

अमेरिकन माणूस स्वभावानेच ऐसपैस, म्हणून त्याची मोटार लांबलचक. युरोपियन काटकसरी, म्हणून त्याची आटोपशीर, असे म्हणतात. मला हे पटत नाही. ब्रिटनमध्ये 1921 पासून 1947 पर्यंत मोटारीवरील कर अश्वशक्तीवर होता, आणि अश्वशक्ती मोजीत ती सिलिंडरच्या व्यासावरून. मग सिलिंडर अरुंद आणि मोटार लहान होणारच! पेट्रोलवरही कर जबर. त्यात 1956 च्या अखेरीस सुएझ कालवा बंद पडून पेट्रोलचे रेशनिंग आले, आणि 1959 साली दहा फुटी 'मिनी' निघाली. त्याच साली अमेरिकेची कॅडिलॅक होती पावणेएकोणीस फूट. तिथे पेट्रोल स्वस्त होते ना!

पण श्रोतेहो, अमेरिकेतही लहान मोटार मागितली गेली होती. आणि मागितली ती घडविणाऱ्या कामगारांनी! 1949 साली वॉल्टर रॉयथर यांच्या मोटार कामगार संघटनेने ही मागणी जाहीरपणे मांडली. मालकांनी ऐकले नाही. मोठ्या गाडीत नफा मोठा. 1968 साली जर्मन फोक्सवॅगन तिथे चार लाखांवर खपली.

1973 ची तेलबंदी झाली, तेव्हा कुठे 1975 साली कायदा आला: 1985 पर्यंत गॅलनला सरासरी साडेसत्तावीस मैल. हलक्या ट्रकांना मात्र सवलत. कंपन्यांनी मग घरगुती मोटारच ट्रकच्या सांगाड्यावर चढविली. 2002 साली मायलेजची अट कडक करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा रॉयथर यांची तीच संघटना मालकांबरोबर विरोधात उभी होती. तिच्या सभासदांच्या चुली आता त्याच ट्रकांवर पेटत होत्या.