वाफेचा जमाखर्च

विहिरीचे गार पाणी सहा किलो घेतले आणि त्यात शंभर अंशांचे उकळते पाणी एक किलो ओतले, तर सगळे मिळून जेमतेम कोमट होते. पाणी मुळात दहा अंशांचे असेल, तर मिश्रण तेवीस अंशांच्या आसपास राहते. आता उकळत्या पाण्याऐवजी तितक्याच उष्णतामानाची वाफ एक किलो सोडा. अखेरीस भांड्यात सात किलो पाणी भरते आणि ते सगळे उकळीला आलेले असते. वजनाचा हिशेब चोख आहे. पण उष्णतामान तेच असताना उष्णता एवढी जादा आली कोठून?

ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉट या तरुण कारागिराला 1764 च्या सुमारास नेमका हाच प्रश्न पडला. किटलीच्या झाकणाची ती प्रसिद्ध गोष्ट खरी असो वा नसो, या प्रयोगात मात्र किटली खरोखरच होती. तिच्या तोंडाला वाकडी काचेची नळी लावून त्याने वाफ थंड पाण्यात सोडली आणि पाणी उकळीला आले तेव्हा ते वजनाने सुमारे एक षष्ठांश वाढलेले आढळले. चकित होऊन त्याने ही हकीकत प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांच्या कानी घातली. ब्लॅक तर काही वर्षांपासून अप्रकट उष्णतेचा सिद्धांत आपल्या व्याख्यानांतून शिकवीतच होते! एक किलो पाणी एक अंशाने तापविण्यास लागणारी उष्णता ही एक मात्रा मानली, तर एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे 540 मात्रा आत दडून बसतात आणि वाफेचे पुन्हा पाणी होताना त्या बाहेर पडतात. सहा किलो पाणी दहापासून शंभर अंशांपर्यंत नेण्यास लागतात सहा नव्वदे 540. हिशेब जुळला.

वॉटला हा खटाटोप करावा लागला तो विद्यापीठाच्या मालकीच्या एका नादुरुस्त नमुन्यामुळे. न्यूकमेनचे एंजिन 1712 पासून खाणींतील पाणी उपसत होते. त्यात सिलिंडरमध्येच थंड पाण्याचा फवारा मारून वाफ निववीत असत. त्यामुळे दर फेऱ्याला सिलिंडरही गार पडे आणि पुढची वाफ बरीचशी धातू तापविण्यातच खर्ची पडे. वाफ निववायची ती निराळ्या भांड्यात, सिलिंडर मात्र सदा तप्त ठेवायचा, ही युक्ती वॉटला 1765 मध्ये सुचली. 1769 मध्ये तिचे पेटंट मिळाले. पुढे बोल्टन आणि वॉट यांनी खाणमालकांशी जो करार केला तोही जमाखर्चाचाच: जुन्या एंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आमचा. कॉर्नवॉलमध्ये कोळसा महाग, म्हणून तेथे ही एंजिने खपली. आणि त्या तिसऱ्या हिश्श्यावरून भांडणेही तेथेच जुंपली.

यापुढची कथा मला अधिक मोलाची वाटते. उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे, तो उत्पन्नही होत नाही आणि नाशही पावत नाही, अशी त्या काळच्या बहुसंख्य विद्वानांची समजूत होती. वाफ आणि पाणी मिसळण्याच्या प्रयोगांत या समजुतीने कधीच दगा दिला नाही. जमाखर्च जुळला म्हणजे व्यवहार खरा असतोच असे नाही, हे हिशेबतपासनिसाला सांगावे लागत नाही. तरी येथे चांगले चांगले निरीक्षक फसले. फ्रान्समध्ये सादी कार्नो याने 1824 मध्ये एंजिनाची मीमांसा केली ती पाणचक्कीच्या दृष्टान्ताने. पाणी उंचावरून खाली पडताना चाक फिरविते, पण पाणी कमी होत नाही. त्याचप्रमाणे उष्णता तप्त बाजूकडून थंड बाजूकडे उतरते, काम करते आणि तेवढीच शिल्लक राहते! मँचेस्टरच्या जूलने 1840 नंतरच्या दशकात या मताला हादरा दिला. काम खर्च झाले की उष्णता निर्माण होते, आणि तीही ठरलेल्या दराने: एक किलो वजन सुमारे 427 मीटर उचलण्याचे काम म्हणजे एक मात्रा उष्णता.

मग उलट दिशेने, एंजिनात, उष्णता खरोखर नाहीशी होते काय? ही तपासणी गुस्ताव्ह इर्न याने आल्सेसमधील कोलमारजवळ, आपल्या घराण्याच्या कापडगिरणीत, 1850 नंतरच्या काळात केली. एंजिन तासन्‌तास एका लयीत चालत ठेवायचे, म्हणजे आत जाईल तितकेच बाहेर येईल आणि मध्ये काही साठणार नाही. बाष्पकात किती पाणी गेले त्यावरून वाफेचे वजन काढायचे. संघनकातून बाहेर पडणारे पाणी मोजायचे आणि ते किती अंश तापले ते पाहायचे. बाजूंनी निसटलेली उष्णताही धरली. तरी बेरजेत तूट राहिली. वाफेने आणलेली सगळी उष्णता संघनकात पोचतच नव्हती. आणि ती तूट एंजिनाने केलेल्या कामाशी मेळ खात होती. जुना दृष्टान्त गिरणीच्या आवारात मोडला.

मग नुसत्या मिश्रणाचा जमाखर्च इतकी वर्षे बिनचूक कसा जुळला? त्याचे उत्तर वाहत्या वाफेच्या हिशेबात आहे. वाफ टाकीत शिरते ती मागच्या दाबाने ढकलली जाऊन, आणि त्या ढकलण्यातही काम खर्ची पडते. हवेच्या नेहमीच्या दाबाला 540 मात्रांपैकी सुमारे 40 मात्रा या ढकलण्याच्याच असतात. म्हणजे वॉटच्या त्या किटलीच्या प्रयोगातही यांत्रिक काम मुकाट्याने उष्णतेच्या खात्यात जमा झाले होते! वाफेची आंतरिक ऊर्जा आणि हे ढकलण्याचे काम यांची बेरीज एकाच नावाखाली मांडली की वाहत्या प्रवाहाचा हिशेब सोपा होतो. तिला विसाव्या शतकाच्या आरंभी एन्थाल्पी हे नाव मिळाले. ड्रेस्डेनच्या मोलिये याने तर 1904 मध्ये या राशीचे आलेखच काढून दिले, आणि अभियंत्यांची पानेच्या पाने आकडेमोड वाचली.

आज कोराडी किंवा चंद्रपूर येथल्यासारख्या औष्णिक वीजकेंद्रांत डीएरेटर नावाची टाकी असते. टर्बाइनमधून मध्येच काढून घेतलेली थोडी वाफ तीत बाष्पकाकडे जाणाऱ्या पाण्यात मिसळतात. पाणी तापते आणि नळ्यांना गंज चढविणारा प्राणवायूही निघून जातो. वाफ किती घ्यावी हे दोन ओळींत ठरते: आत येणाऱ्या वजनांची बेरीज बाहेर जाणाऱ्या वजनाइतकी, आणि आत येणाऱ्या एन्थाल्पींची बेरीज बाहेर जाणारीइतकी. प्रत्यक्ष टाकीतला दाब पुष्कळ अधिक असतो. परंतु हवेच्या नेहमीच्या दाबाचे सोपे उदाहरण घेतले, तर साठ अंशांच्या साडेतेरा किलो पाण्याला एक किलो वाफ पुरते, आणि खालच्या नळीतून साडेचौदा किलो उकळते पाणी बाहेर पडते.