गिऱ्हाइकाचा माग

वेबची मूळ रचना विसराळू आहे. ब्राउझर सर्व्हरकडे एखादे पान मागतो, सर्व्हर ते देतो आणि व्यवहार तिथेच संपतो. पुढच्या क्षणी त्याच ब्राउझरने दुसरे पान मागितले, तरी मागणारा तोच आहे हे सर्व्हरला कळायला मार्ग नसतो. १९९० च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी ही पद्धत बसवली, तेव्हा संशोधकांना एकमेकांची कागदपत्रे वाचता यावीत एवढाच हेतू होता. त्यासाठी वाचणाऱ्याची ओळख ठेवण्याचे कारण नव्हते. वेबवर दुकान मांडायचे ठरल्यावर मात्र हा विसराळूपणा आड आला. टोपलीत टाकलेली वस्तू पुढचे पान उघडेपर्यंत हरवू लागली, तर विक्री व्हायची कशी?

जून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतले प्रोग्रामर लू माँटुली यांच्यापुढे हाच प्रश्न आला. एमसीआय या दूरसंचार कंपनीसाठी ऑनलाइन विक्रीची यंत्रणा बनत होती आणि अर्धवट राहिलेल्या खरेदीच्या नोंदी आपल्या सर्व्हरवर साठवायला एमसीआय तयार नव्हती. मग ती नोंद गिऱ्हाइकाच्याच संगणकावर ठेवायची, असा तोडगा निघाला. सर्व्हर पानाबरोबर मजकुराची एक छोटी चिठ्ठी पाठवतो. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्या सर्व्हरकडे पुन्हा जाताना दर वेळी दाखवतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर हातात पडणाऱ्या बिल्ल्यासारखाच हा प्रकार: बिल्ल्यावर नाव नसते, नुसता आकडा असतो, आणि तो कशाचा हे चपला सांभाळणाऱ्यालाच ठाऊक. युनिक्सवर काम करणारे अशा चिठ्ठीला ‘मॅजिक कुकी’ म्हणत. तेच नाव पुढे चालले. ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या नेटस्केपच्या चाचणी आवृत्तीत कुकीची सोय होती. आपल्या साइटवर आलेला माणूस आधी कधी येऊन गेला आहे का, एवढेच पाहण्यासाठी नेटस्केपने ती प्रथम वापरली.

माँटुली यांनी एक सोपा पर्याय मुद्दाम टाळला होता. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक देऊन टाकता आला असता. पण तो सगळ्याच साइटना दिसला असता, आणि कोण कुठे कुठे फिरतो हे त्यांनी आपापसांत ताडून पाहिले असते. म्हणून ज्या साइटने कुकी दिली तिलाच ती परत दिसावी, असा नियम केला गेला. नियम चोख होता. फट राहिली ती पानाच्या घडणीत.

वेबपानावरचा मजकूर एका सर्व्हरवरून आणि चित्र दुसऱ्याच सर्व्हरवरून येऊ शकते. वाचकाला दोन्ही एकत्रच दिसतात. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या नियतकालिकाच्या साइटवर एटी अँड टी कंपनीची आडवी जाहिरातपट्टी झळकली आणि बॅनर जाहिरातींचा धंदा सुरू झाला. थोड्याच काळात या पट्ट्या अनेक साइटना एकाच ठिकाणाहून पुरवणाऱ्या मध्यस्थ कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांत सर्वांत नाव झाले ते केव्हिन ओकॉनर आणि ड्वाइट मेरिमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या डबलक्लिकचे.

डबलक्लिकचे काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. वाचक सकाळी वर्तमानपत्राची साइट उघडतो. पानातली सूचना ब्राउझरला सांगते की वरच्या पट्टीचे चित्र डबलक्लिककडून आण. ब्राउझर तिकडे जातो, चित्राबरोबर एक क्रमांक असलेली कुकी घेऊन येतो. दुपारी तोच वाचक मधुमेहावरची माहिती शोधतो, रात्री विमानाच्या तिकिटांचे दर पाहतो. या दोन्ही साइटचा वर्तमानपत्राशी काही संबंध नाही, पण पट्टी तिघांकडेही डबलक्लिकचीच. दर वेळी ब्राउझर तोच क्रमांक दाखवतो आणि आपण कोणत्या पानावरून आलो हेही सांगतो. वाचकाने जिचे नावही ऐकलेले नाही अशा कंपनीकडे त्याच्या दिवसभराच्या वाचनाची यादी तयार होते. कुकी देणाऱ्यालाच परत दाखवायची, हा नियम यात कुठेही मोडलेला नाही. पुढे तर पट्टीचीही गरज उरली नाही. एका बिंदूएवढे, रंग नसलेले चित्र पानात बसवले की काम भागे. ते डोळ्यांना दिसतही नसे.

सामान्य वाचकाला कुकीचा पत्ता बराच काळ नव्हता. १२ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘फायनान्शियल टाइम्स’ने त्यावर लेख छापला आणि बोभाटा झाला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे, म्हणजे व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगापुढे, १९९६ आणि १९९७ मध्ये याविषयी बैठका झाल्या. इंटरनेटचे तांत्रिक मानक ठरवणाऱ्या गटात तर हा वाद आधीच पेटला होता. बेल लॅब्सचे डेव्हिड क्रिस्टल आणि स्वतः माँटुली यांनी लिहिलेले मानक फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. वाचक ज्या साइटवर गेला आहे तिच्याखेरीज इतरांची, म्हणजे ‘तिसऱ्या पक्षाची’ कुकी ब्राउझरने स्वीकारू नये, निदान ती मुळातच बंद ठेवावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. जाहिरात कंपन्यांनी विरोध केला. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही मानकातले हे कलम बाजूला ठेवले. बंदी घातली तर जाहिरातदार याहून छुपी युक्ती शोधतील, त्यापेक्षा वाचकाला कुकी पुसण्याची सोय द्यावी, असा माँटुली यांचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता. पण सेटिंगमध्ये शिरून बटणे फिरवणारे लोक थोडेच असतात. ब्राउझर हाती पडतो तेव्हा कोणते बटण चालू असते, यावर पुढची तीस वर्षे सगळे अडून राहिले.

कायदे, दंड, न्यायालयीन निवाडे यांची गर्दी नंतर झाली. त्या आधीचा डबलक्लिकचा वाद मात्र सर्वांत बोलका आहे. जून १९९९ मध्ये कंपनीने अबॅकस डायरेक्ट विकत घेण्याचे जाहीर केले. अबॅकसकडे टपालाने होणाऱ्या खरेदीच्या नोंदी होत्या: नाव, पत्ता, दूरध्वनी, कोणी काय मागवले. न्यायालयीन नोंदीनुसार अमेरिकेतली सुमारे ९० टक्के कुटुंबे त्यात होती. आजवर बिनानावाचा असलेला क्रमांक आता घराच्या पत्त्याला जोडता येणार होता. जानेवारी २००० मध्ये हा बेत वर्तमानपत्रांत आला, फेब्रुवारीत ‘एपिक’ या संस्थेने आयोगाकडे तक्रार केली आणि मार्चच्या सुरुवातीला ओकॉनर यांनी बेत चुकल्याचे मान्य करून तो थांबवला. आयोगाने जानेवारी २००१ मध्ये चौकशी बंद केली.

ग्राहकांनी मात्र खटला भरला होता. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने मार्च २००१ मध्ये तो फेटाळला. त्यातला तर्क लक्षात ठेवण्याजोगा आहे. दुसऱ्याचा संवाद चोरून ऐकणे गुन्हा आहे, पण संवादातल्या एका बाजूची परवानगी असेल तर नाही. इथे वाचक आणि वेबसाइट हे संवादाचे दोन पक्ष. वेबसाइटने डबलक्लिकला आपणहून बोलावलेले. तेव्हा परवानगी होतीच, असे न्यायालय म्हणाले. वाचकाला विचारले होते का, हा प्रश्न त्या कायद्यापुढे उद्भवतच नव्हता.

नाव नाही, नुसता क्रमांक आहे, मग बिघडले कुठे, हा या धंद्याचा जुना बचाव. ऑगस्ट २००६ मध्ये तो एओएल कंपनीच्या हातूनच ढासळला. संशोधकांच्या उपयोगासाठी म्हणून तिने साडेसहा लाखांच्या आसपास ग्राहकांचे सुमारे दोन कोटी शोध खुले केले. नावांऐवजी क्रमांक घातले होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी एका क्रमांकाचे शोध ओळीने वाचले: गावाचे नाव, एका आडनावाची माणसे, वयानुसार येणारी दुखणी. तेवढ्यावरून ते जॉर्जिया राज्यातल्या एका वृद्ध स्त्रीच्या दारात जाऊन पोहोचले. माणूस काय शोधतो याची पुरेशी लांब यादी हेच त्याचे नाव असते.

एप्रिल २००७ मध्ये गुगलने ३१० कोटी डॉलरला डबलक्लिक घेण्याचे जाहीर केले आणि मार्च २००८ मध्ये व्यवहार पुरा झाला. तोवर गुगलच्या जाहिराती प्रामुख्याने शोधलेल्या शब्दांवर किंवा पानाच्या विषयावर बेतलेल्या असत. वाचकाच्या आवडीनिवडीनुसार जाहिराती दाखवायला तिने मार्च २००९ मध्ये सुरुवात केली. त्याच सुमारास लिलावाची पद्धत रूढ झाली. पान उघडत असतानाच रिकामी जागा बाजारात मांडली जाते; पाहणारा कोणत्या भागातला, कोणते यंत्र वापरणारा, कशात रस असणारा, हे बोली लावणाऱ्यांना कळवले जाते; सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास बोली संपते आणि जिंकणाऱ्याची जाहिरात उमटते. बोली जिंकतो एकच, पण वाचकाची माहिती हरणाऱ्यांकडेही गेलेली असते. युरोपात या पद्धतीविरुद्ध २०१८ पासून तक्रारी झाल्या, त्यांचा रोख मुख्यतः याच गोष्टीवर होता.

ॲपलचा सफारी ब्राउझर २००३ पासूनच तिसऱ्या पक्षाची कुकी मुळातच नाकारत असे. त्याला एक अपवाद होता: वाचकाने एखादा फॉर्म भरून पाठवला तर कुकी चालत असे. गुगलच्या जाहिरातींतला कोड एक अदृश्य फॉर्म तयार करून वाचकाच्या वतीने आपणच पाठवून देत असे. संशोधक जोनाथन मेयर यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये हे उघडकीस आणले आणि त्याच वर्षी आयोगाने गुगलला २ कोटी २५ लाख डॉलरचा दंड केला. दरम्यान कुकीशिवाय ओळखण्याच्या वाटाही निघाल्या होत्या. २०१० मध्ये पीटर एकर्स्ली यांनी सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले. फाँट, पडद्याचा आकार, जोडलेली सॉफ्टवेअर अशा साध्या तपशिलांवरून त्यांपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. छुप्या युक्त्या निघतील ही माँटुली यांची जुनी भीती खरी होती. ‘माझा माग काढू नका’ असा संकेत ब्राउझरनेच पाठवावा, ही सूचना २००९ मध्ये पुढे आली आणि बहुतेक ब्राउझरांनी ती सोयही दिली. संकेत पाळणे मात्र ऐच्छिक होते. तो कुणीच फारसा पाळला नाही आणि २०१९ च्या जानेवारीत मानकगटाने काम गुंडाळले.

युरोपने संमतीचा मार्ग धरला. २००२ च्या निर्देशात कुकीला नकार देण्याची सोय हवी होती; २००९ च्या दुरुस्तीने आधी संमती घेणे बंधनकारक केले, आणि २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर कायद्याने संमती कशाला म्हणायचे ते कडक केले. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असे युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ठरवले. याचे दिसणारे फळ म्हणजे प्रत्येक साइटवर उगवणारी ती वैतागवाणी पट्टी. ‘स्वीकारा’ हे बटण ठळक, आणि नकार दोन-तीन पाने आत दडवलेला. याच कारणावरून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड जाहीर केला.

भारतातला बहुसंख्य वर्ग इंटरनेटवर आला तो थेट मोबाइलवरून, आणि मोबाइल ॲपमध्ये कुकीचे काम फोनचा जाहिरात-क्रमांक करतो. म्हणजे माँटुली यांनी टाळलेलीच गोष्ट: प्रत्येक ॲपला दिसणारा एकच क्रमांक. फरक एवढाच की तो बदलता येतो. ॲपलने एप्रिल २०२१ पासून हा क्रमांक वाचण्याआधी ॲपला परवानगी विचारायला लावली, तेव्हा २०२२ या वर्षात सुमारे १००० कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज फेसबुकच्या मेटा कंपनीने दिला. विचारले की लोक नाही म्हणतात, हे तिने आपल्याच ताळेबंदात कबूल केल्यासारखे झाले. भारतातल्या २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीच्या यादीत पासवर्ड, आर्थिक आणि आरोग्यविषयक तपशील होते, वाचनाचा माग नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये माहितीच्या संरक्षणाविषयी अहवाल दिला; कायदा झाला तो ऑगस्ट २०२३ मध्ये. त्यात संमतीची अट आहे आणि मुलांचा माग काढून त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत मिळाली.

सफारीने मार्च २०२० मध्ये तिसऱ्या पक्षाची कुकी पूर्ण बंद केली. फायरफॉक्सने आदल्या वर्षीच माग काढणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या कुकी मुळातून अडवल्या होत्या. गुगलनेही जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून ती दोन वर्षांत काढण्याचे सांगितले. मुदत आधी २०२३ पर्यंत, मग २०२४, मग २०२५ पर्यंत ढकलली गेली. यात नुसती चालढकल नव्हती. कुकी गेली तर इतर जाहिरात कंपन्या आंधळ्या होतील आणि गुगलकडे मात्र स्वतःच्या ग्राहकांची माहिती उरेल, असा आक्षेप होता, आणि ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने तो मनावर घेऊन गुगलकडून लेखी हमी घेतली होती. अखेर जुलै २०२४ मध्ये गुगलने कुकी काढण्याचा बेत सोडला, एप्रिल २०२५ मध्ये वाचकाला वेगळा प्रश्न विचारण्याचाही सोडला, आणि ऑक्टोबरमध्ये पर्यायी तंत्रांचा बराचसा प्रकल्प बंद केला. क्रोममध्ये तिसऱ्या पक्षाची कुकी आजही मुळातच चालू असते. फक्त इन्कॉग्निटो खिडकीत ती बंद असते.