कागजीपुरा ते चिक्कडपल्ली : जुन्या कापडाची वाट

गणपतीची आरास उतरली की दरवर्षी आपल्या मंडळांपुढे एक प्रश्न उरतो. निर्माल्य वेगळे ठेवण्याची सवय आता आपल्याला लागली आहे, मूर्ती मातीची असावी हेही बहुतेकांना पटले आहे. पण मखराचे पडदे, झालरी आणि मंडपाचे चकचकीत कापड यांचे काय करायचे? पूर्वी घरातले कापड असे अडून राहत नसे. त्याची कारणे शोधू गेले तर आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानाच्या इतिहासात बरेच काही सापडते.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या मराठवाड्यात दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा हे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा उत्तरेतले कागद बनवणारे कारागीर सोबत आले आणि येथे वसले, अशी परंपरा आहे. त्यांचा कच्चा माल म्हणजे लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू : तागाची फाटकी पोती, जुने दोरखंड, चिंध्या, रद्दी. हा माल चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, कुटायचा, धुवायचा. मग हौदातला लगदा गवताच्या चाळणीवर उचलून त्याचा ताव करायचा. वाळलेल्या तावाला खळ लावून दगडाने घोटले की बोरूने लिहिण्याजोगा गुळगुळीत कागद तयार होई. दौलताबादी कागदाला दक्षिणेत मोठा मान होता. आपल्या मोडी दफ्तरांचा कागद असाच टाकाऊ धाग्यातून आलेला आहे. कोणाच्या तरी फाटक्या वस्त्रावर कोणाचे तरी वतनपत्र लिहिले गेले, असे म्हटले तरी चालेल.

गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा मागे पडला. निजामाच्या राज्यातच १९३८ मध्ये सिरपूर पेपर मिल्स स्थापन झाली. ती चाले बांबूवर, आणि तिच्याभोवती वसलेल्या गावाचे नाव पडले कागजनगर. एकाच राज्यात कागदाच्या नावाची दोन गावे. एक चिंधीवर जगणारे, दुसरे जंगलावर. चिंधीचे गिऱ्हाईक कमी झाले ते असे.

तरीही चिंधी कचऱ्यात गेली नाही, कारण घराघरांत तिला काम होते. आपल्या आज्यांच्या नऊवारी लुगड्यांचा प्रवास आठवून पाहा. नेसून विरलेले लुगडे आधी घरात वापरायला, मग त्याची बाळाला दुपटी. धोतराची बाळुती होत. चार-पाच विरलेल्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवले की गोधडी होई, तिलाच वाकळ म्हणत. आपल्या तेलुगू शेजारणीही तसेच करत; त्यांच्याकडे ती ‘बोंत’. गोधडी फाटली की पोतेरे, आणि पोतेरेही झिजले की चूल पेटवायला. कशाचे काय करायचे हे घरातल्या बाईला ठाऊक असे. या कामाला कोणी उद्योग म्हटले नाही, त्याची मजुरीही कोणी मोजली नाही.

जे घरात मुरत नसे ते बोहारणीकडे जाई. भांड्याच्या बदल्यात तिने नेलेले कपडे धुऊन, ठिगळ लावून जुन्या बाजारात विकले जात. आपल्या हैदराबादचा जुम्मेरात बाजार अशा जुन्या वस्तूंवरच नांदला. खऱ्या जरीची पैठणी जीर्ण झाली तरी तिच्या पदरातल्या चांदीला मोल असे. जरी जाळून चांदी वेगळी काढणारे दारावर येत.

ही साखळी तुटली ती धागा बदलल्यामुळे. टँक बंडखालची डीबीआर मिल, नांदेडची उस्मानशाही, वरंगळची १९३४ ची आझमजाही, या आपल्या भागातल्या गिरण्या मुख्यतः सुताच्या. पुढे टेरिलिन, टेरिकॉट आले. १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला आणि हा धागा सर्वांच्या आवाक्यात आला. न चुरगळणारे, लवकर वाळणारे कापड मिळाले, ही सोयच होती. पण कुटलेले सूत पाण्यात फुगते आणि त्याचे तंतू एकमेकांना धरतात, म्हणून त्याचा कागद होतो. पॉलिएस्टर पाणी धरत नाही. दोन्ही धागे एकत्र विणलेले असले तर ते वेगळे करणे अवघड. त्याचे रासायनिक मार्ग आहेत, पण ते महाग, आणि त्यांना स्वच्छ, निवडलेला माल लागतो.

पानिपत म्हटले की आम्हा मराठी माणसांना १७६१ आठवते. आज ते शहर जुने कपडे फाडून पुन्हा सूत काढण्याचे देशातले मोठे केंद्र आहे. लोकरी चिंध्यांपासून सूत काढण्याची ही ‘शॉडी’ची पद्धत इंग्लंडमधल्या बॅटली येथे १८१३ मध्ये निघाली. फाडताना तंतू आखूड होतो, म्हणून निघणारे सूत जाडेभरडे. त्याची घोंगडी होतात, सदरा होत नाही. त्यातही पॉलिएस्टरच्या हलक्या ब्लँकेटांनी त्या घोंगड्यांचे गिऱ्हाईक पळवले आहे. बटणे, चेन, लेबले काढून रंगानुसार ढीग लावणारे हात बहुतेक स्त्रियांचे. धूळ त्यांच्या छातीत जाते आणि मजुरी तुटपुंजी.

२०२२ च्या एका पाहणीनुसार भारतात वर्षाला सुमारे ७८ लाख टन कापडी कचरा साठतो. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त आपल्या घरांतून निघतो. आपल्या शहरात तो ओल्या कचऱ्यात मिसळला की भिजतो, कुजतो, आणि मग त्याला कोणी हात लावत नाही. शेवट जवाहरनगरच्या डेपोत. म्हणजे यंत्र नाही ही एकच अडचण नव्हे. निवडणे, कोरडे ठेवणे आणि निवडणाऱ्याला पुरेसे पैसे देणे, ही तिन्ही कामे पूर्वी घर आणि बोहारीण मिळून करत. आता ती कोणाचीच राहिली नाहीत.

कागजीपुऱ्यात आजही हातकागद बनतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून सुती चिंध्यांवर चालते. मार्ग अगदी बुजलेला नाही. यंदा आराशीसाठी सुती कापड घ्यावे, ते घडी घालून पुढच्या वर्षाला ठेवावे, आणि घरातले जुने सुती कपडे इतरांपासून वेगळे, कोरडे बांधून ठेवावेत, एवढे चिक्कडपल्लीतल्या आपल्या मराठी घरांना सहज जमेल. गोधडी शिवणाऱ्या आजी ज्या घरी अजून आहेत, त्यांनी तो धावदोरा नातवंडांच्या हाती द्यावा, ही त्यांना विनंती.

गणपती बाप्पा मोरया!