सरोद घर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी काही लेखिका नव्हे. परंतु गेल्या हिवाळ्यात पुतणीच्या लग्नानिमित्त ग्वाल्हेरीस जाण्याचा योग आला, आणि तेथे पाहिलेले एक घर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. त्याचीच हकीकत भगिनींपुढे ठेवते.

ग्वाल्हेर आपणांस परके नाही. कण्हेरखेडच्या शिंद्यांचे ते राज्य. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी तेथे स्थिरावली, छावणीचे शहर झाले, आणि त्या भागाला लोक आजही ‘लष्कर’ म्हणतात. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे तेव्हा बिऱ्हाड घेऊन तिकडे गेली ती तिकडचीच झाली. दरबाराला गाण्याबजावण्याची आवड, त्यामुळे लांबलांबचे कलावंतही आले. त्यांतलेच एक बंगश घराणे.

या घराण्याचा मूळ पुरुष अठराव्या शतकात अफगाणिस्तानातून घोड्यांच्या व्यापारासाठी हिंदुस्थानात आला, असे घराण्यात परंपरेने सांगतात. त्याच्याजवळ रबाब नावाचे वाद्य होते. घोडे विकले गेले, रबाब मात्र राहिला, आणि त्याच्या बळावर त्याला रेवा संस्थानात आश्रय मिळाला. पुढे त्याच वंशातील गुलाम अली खाँ ग्वाल्हेर दरबारी वादक झाले.

रबाबाला तातेच्या तारा आणि लाकडी पट्टी. त्याचा सूर उठतो आणि लगेच विरतो. आपल्या रागदारीत तर सूर एका जागेवरून दुसरीकडे घसरत, लांबत जावा लागतो. म्हणून लाकडी पट्टीवर गुळगुळीत धातूचा पत्रा आला आणि तातेच्या जागी धातूच्या तारा आल्या. डाव्या हाताच्या नखाने तार दाबून सूर ओढता येऊ लागला. वाद्याच्या तोंडावरचे बकऱ्याचे कातडे मात्र जुनेच राहिले, आणि हातात नारळाच्या करवंटीचा जवा आला. हाच सरोद. हा बदल आपल्याच पूर्वजांनी केला, असे हे घराणे मानते. परमुलखातून आलेली सून माहेरचे थोडे ठेवते, सासरचे थोडे उचलते, आणि दोन पिढ्यांनी तिचाच स्वयंपाक घरचा म्हणून ओळखला जातो. तसेच हे झाले.

गुलाम अलींचे नातू हाफिज अली खाँ (1888–1972) यांनी या वाद्याला देशभर कीर्ती मिळवून दिली. 1960 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. तेव्हा राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी, “आपल्याला काय हवे?” असे विचारले असता, दरबारी रागाचे शुद्ध रूप टिकावे यासाठी सरकारने काही करावे, असे खाँसाहेबांनी सांगितले, अशी आठवण त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ सांगतात. मागावयाचे ते रागासाठी मागितले!

परंतु संस्थाने गेली होती. 1948 साली ग्वाल्हेर मध्य भारतात विलीन झाले, दरबाराचा आश्रय सुटला, आणि कुटुंब पुढे दिल्लीस गेले. जिवाजीगंजातले घर मागे राहिले. मागे राहिलेल्या घराचे काय होते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. आधी कुलूप लागते, मग कौले फुटतात, आणि शेवटी भावाभावांत वाटणी होते. या घराच्या नशिबी तसे आले नाही. वडिलांच्या नावाने स्थापन केलेल्या संस्थेमार्फत अमजद अलींनी त्याचे ‘सरोद घर’ केले. जुनी वाद्ये आणि छायाचित्रे तेथे मांडली आहेत, आणि मैफलीही होतात. ज्या घरात बापाने मुलाला धडे दिले, तेथे आता कोणीही जाऊन बसावे.

ते पाहताना मला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आठवले. त्यांनी ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी विद्या घेतली आणि ती महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. त्याआधी गाणे शिकावयाचे म्हणजे बहुधा गुरूच्या घरी राहूनच. म्हणजे चुली पेटत होत्या म्हणून विद्या टिकली. शिष्यांना वेळेवर भाकरी घालणाऱ्या त्या माउल्यांची नावे मात्र इतिहासात क्वचितच सापडतात.

आता आपल्या गावाकडे येते. खोडदला दुर्बीण पाहण्यास लांबून लोक येतात. शेजारच्या नारायणगावी विठाबाईंसारखी कलावती होऊन गेली आणि यात्रेच्या हंगामात तमाशाच्या राहुट्या आजही लागतात. कलेची आपल्या मुलखाला वाण नाही. पण आपल्या भजनाला मात्र हक्काची जागा नाही. कोणाच्या ओसरीवर बसावे, तर त्यांच्याकडे कार्य निघते. देवळात बसावे, तर सप्ताह असतो. पेटी आणि टाळ या घरून त्या घरी हिंडतात.

आणि इकडे आमचे जुने घर सासूबाई गेल्यापासून बंद आहे. दीर मुंबईस असतात. पाडून जागा विकावी, असा त्यांचा विचार आहे, आणि आजवर मीही त्याला मान डोलावीत आले. ग्वाल्हेरीहून परतल्यावर मी त्यांना पत्र लिहिले, की मागची बाजू काय ती ठरवा, पण पुढची ओसरी आणि माजघर मंडळाला वापरू द्या. उत्तर अद्याप आलेले नाही. येईल ते येवो. घराची एक किल्ली माझ्याजवळ आहे, आणि माझा वाटा मी कोणाला विकलेला नाही.

आमच्या घरात कोणी खाँसाहेब झाले नाहीत. सासूबाई पहाटे जात्यावर ओव्या म्हणत, एवढेच. पण त्या ओव्या ज्या भिंतींनी ऐकल्या, त्यांना पुन्हा बायकांचा आवाज ऐकू यावा, एवढीच माझी इच्छा आहे. येत्या एकादशीचे भजन आमच्या ओसरीवर होईल. त्याआधी दोन दिवस झाडलोट करावयाची आहे. ज्या भगिनींना सवड असेल त्यांनी केरसुणी घेऊन यावे. चहाची सोय मी करते.