चार वॅट आणि अकरा मीटर: अमेरिकन ट्रकच्या अँटेनाची गोष्ट

सत्तरच्या दशकातल्या एखाद्या अमेरिकन ट्रकचा फोटो गूगल करून बघा. १९७७ चा ‘स्मोकी अँड द बँडिट’ पाहिला असेल तर आठवेलच. बऱ्याच ट्रकच्या दोन्ही आरशांजवळ एकेक उंच काडी दिसते. रेडिओ एक, मग अँटेना दोन कशाला? शोभेसाठी? नाही. त्या काळात कुठला अँटेना, किती लांब आणि कुठे लावायचा यावर ड्रायव्हरची कमाई अवलंबून होती.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल अडवलं. डिझेल महागलं, पंपांवर रांगा लागल्या. वर २ जानेवारी १९७४ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ताशी ५५ मैलांच्या, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरच्या वेगमर्यादेच्या कायद्यावर सही केली. बहुतेक ड्रायव्हरांना पैसे मैलावर मिळायचे. वेग कमी म्हणजे आठवड्याचे मैल कमी, म्हणजे घरी जाणारा पैसा कमी. अशा वेळी पुढच्या पंपावर डिझेल आहे का, पोलीस कुठे दबा धरून बसलाय, हे सांगणारी एकच गोष्ट गाडीत होती: सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड रेडिओ. डिसेंबर १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनियात ‘रिव्हर रॅट’ नाव घेऊन बोलणाऱ्या एका ड्रायव्हरने आय-८० हायवेवर ट्रक आडवा थांबवला, आणि सीबीवरून ऐकून बाकीचेही थांबत गेले. (पोलिसांना ‘स्मोकी’ म्हणायचे, कारण त्यांची टोपी स्मोकी नावाच्या जाहिरातीतल्या अस्वलासारखी!)

आता गणित करा. पोलिसाची बातमी ३ किलोमीटरवरून कळली, तर ८८ च्या वेगाने हातात दोन मिनिटं. १० किलोमीटरवरून कळली, तर जवळपास सात.

मग रेंज वाढवायची कशी? सरकारने सेटची ताकद ४ वॅटवर बांधून ठेवली होती. काही जण चोरून अॅम्प्लिफायर लावायचे. त्याने तुमचं ओरडणं लांब जातं, पण कान तेच राहतात, लांबचं काही ऐकू येत नाही. चांगला अँटेना मात्र बोलण्यालाही उपयोगी आणि ऐकण्यालाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सगळं हार्डकोड केलेलं होतं, बदलता येणारी सेटिंग ही एकच.

आणि इथे फिजिक्स आडवं येतं. सीबी चालतो २७ मेगाहर्ट्झच्या आसपास, तिथे एका लहरीची लांबी ११ मीटर. गाडीवरचा साधा अँटेना लहरीच्या पाव भागाएवढा हवा, म्हणजे पावणेतीन मीटर! तुमच्या फोनचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, तिथे पाव लहर जेमतेम ३ सेंटिमीटर, म्हणून ती फोनच्या पोटात लपते. सीबीवाल्याला ती सोय नाही. १०२ इंचांची स्टीलची काडी आणि खाली ६ इंचांची स्प्रिंग, हा खरा पूर्ण मापाचा अँटेना. कामाला एक नंबर. पण ट्रकच्या छपरावर उभा केला तर पहिल्याच पुलाखाली वाकणार.

म्हणून काडी आखूड करून उरलेली कसर तारेच्या गुंडाळीने भरून काढायची. ही गुंडाळी बुडाशी असेल तर अँटेना सडपातळ दिसतो, कारवाल्यांना तेच आवडायचं. पण सगळ्यात जास्त करंट बुडाशीच असतो, आणि तो उघड्या काडीतून वाहण्याऐवजी गुंडाळीत अडकतो. गुंडाळी वर नेली की काम सुधारतं, म्हणून ट्रकवाल्यांनी मधे किंवा टोकाकडे गुंडाळी असलेले अँटेना पसंत केले. आखूड केल्याची किंमत मात्र मोजावीच लागते, काही ताकद गुंडाळी तापवण्यात जाते.

जागेचाही प्रश्न होताच. काडी हा अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. कारच्या छपराचा मध्य सर्वांत उत्तम, पण नव्या गाडीच्या छपराला भोक कोण पाडणार? म्हणून लोक डिकीच्या झाकणावर किंवा पन्हळीवर समाधान मानायचे, आणि मग सिग्नल एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी. ट्रकची गोष्ट आणखी वाईट. एका आरशाजवळ अँटेना लावला तर मागचा उंच ट्रेलर दुसरी बाजू झाकतो.

आता कळलं ना, दोन का? दोन्ही आरशांजवळ एकेक लावायचा आणि ठरावीक केबलने दोघांना एकाच तालात चालवायचं. दोघांत साधारण पाव लहरीचं अंतर असेल, तर सिग्नल बाजूच्या शेतांत कमी आणि रस्त्यावर पुढे-मागे थोडा जास्त जातो. ट्रकची रुंदी जवळपास तेवढीच भरते, हा नशिबाचा भाग! १९७५ मध्ये ‘कॉन्व्हॉय’ हे गाणं आलं, सीबीची लाट उसळली, आणि कारवाल्यांनीही जोड्या लावल्या. तिथे अंतर फारच कमी, त्यामुळे फायदा जवळजवळ शून्य. नुसती स्टाइल.

१ जानेवारी १९७७ पासून २३ चॅनलचे ४० झाले. वरची हद्द २७.२५५ वरून २७.४०५ मेगाहर्ट्झवर गेली. ऐकायला फरक किरकोळ, पण आखूड, गुंडाळीवाल्या अँटेनाला सूर लागतो तो अगदी अरुंद पट्ट्यात. मग एसडब्ल्यूआर मीटर लावून पुन्हा जुळवाजुळव. चॅनल १ वर रीडिंग जास्त आलं तर अँटेना आखूड पडतोय, ४० वर जास्त आलं तर लांब होतोय. टोकाची काडी थोडी वर-खाली करायची, पुन्हा मोजायचं.

तोवर शहरांत वेगळंच दुखणं सुरू झालं होतं. बाहेर अँटेना दिसला की चोराला कळायचं, आत सेट आहे. मग झटकन काढता येणारे, चुंबकाने चिकटणारे आणि साध्या कार रेडिओच्या अँटेनासारखे दिसणारे सीबी अँटेना विकले जाऊ लागले. रेंज थोडी गेली तरी चालेल, पण सेट वाचला पाहिजे, असा कारवाल्यांचा हिशोब. ट्रकवाल्यांनी आपल्या दोन काड्या होत्या तिथेच ठेवल्या.